मदत हवी आहे: जुन्या फायबर बोटीच्या पोटातला फोम काढावा की ठेवावा?

गळवाला:

मंडळी, मालवणजवळ एक जुनी सोळा फुटी फायबर बोट घेतली आहे. आधीचा मालक तिच्यातून पर्यटकांना फिरवायचा. मग त्याने मोठी बोट घेतली आणि ही माडांखाली उघडीच पडून राहिली, कित्येक पावसाळे. मला खाडीत गळ टाकायला जायचंय, बाकी हौस नाही.

बोट दुहेरी आहे. बाहेरचा तळ वेगळा, आत आपण पाय ठेवतो ती जमीन वेगळी, दोन्ही काठाला जोडलेल्या आणि मधे पिवळसर फोम. हात घालायला कुठेही झाकण नाही. पाण्यात उतरवली की मागून बसते, इतकी की पाणी बाहेर जायची भोकं पाण्याखाली जातात. पुढे ठोकलं तर टणटण, मागे ठोकलं तर भद्द. मागच्या भोकातली पितळी नळी सडली होती म्हणून काढली, तर तपकिरी पाणी झिरपायला लागलं. व्हिनेगरसारखा आंबूस वास. अजून थेंब थेंब चालूच आहे. इंजिन टांगतो त्या मागच्या उभ्या भिंतीच्या, म्हणजे ट्रान्समच्या, प्लायवूडमध्ये तर स्क्रू-ड्रायव्हर नुसत्या हाताच्या जोराने आत गेला.

इथले फायबरवाले मिस्त्री म्हणतात, "सगळो फोम काढून टाक, नुसतो पाणी पिता. रिकामी ठेव." शेजारचे काका म्हणतात, चार भोकं पाड आणि उन्हात ठेव, सुकेल आपोआप.

मला दोन्ही पटत नाही. साधा फोम घनमीटरला ३२ किलोच्या आसपास भरतो. तेवढ्याच जागेतलं समुद्राचं पाणी १,०२५ किलो. म्हणजे पोटात अर्धा घनमीटर कोरडा फोम असेल, तर बोट पाण्याने भरली तरी जवळजवळ ५०० किलोचा आधार राहतो. त्यातला निम्मा भिजला, तर अडीचशे किलो पाणी फुकट वाहायचं आणि वेळेला आधारही निम्माच. मग फोम काढला तर नवा भरायचाच ना? आणि तो नुसता तरंगण्यासाठी आहे की तळाला ताकदही तोच देतो, हे फोडल्याशिवाय कसं ओळखायचं?

वल्हेकरी:

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्याचं उत्तर मिळेपर्यंत ग्राइंडर हातात घेऊ नका.

बऱ्याच बोटींत तळ जाड असतो, त्यावर लांबीने फायबरचे उंचवटे, म्हणजे स्ट्रिंगर असतात, आणि मधल्या खणांत फोम भरलेला असतो. तो नुसता तरंगण्यासाठी. काढला तरी तळाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारात दोन पातळ साली साच्यात एकमेकींवर बसवून मधे फोम ओततात आणि तो फुगून दोन्हींना चिकटतो. बोस्टन व्हेलर या अमेरिकी कंपनीच्या बोटी याचं नावाजलेलं उदाहरण. १९५८ साली त्यांची १३ फुटी बोट आली, पुढे १९६१ मध्ये त्यांनी बोट करवतीने अर्धी कापून तिचे दोन्ही तुकडे तरंगताना दाखवले. अशा बोटीत वरची साल, फोम आणि खालची साल मिळून एकच तुळई होते. फोम काढून रिकामी ठेवली, तर लाटेवर आपटताना पातळ तळ लवेल आणि तडकेल. मिस्त्रींचा सल्ला पहिल्या प्रकाराला निम्मा ठीक, दुसऱ्याला घातक.

ओळखायचं असं. आतल्या जमिनीतून होल-सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, छोटं भोक पाडा, एक पुढे, एक मागे. बाहेरच्या तळाला हात लावायचा नाही. निघालेली चकती बघा. साल तीन-चार मिलिमीटरचीच असेल आणि फोम तिला सुटता सुटत नसेल, तर दुसरा प्रकार. फोमचा लांबी, रुंदी, उंची तिन्ही पाच सेंटिमीटर असा तुकडा कापून छोट्या काट्यावर ठेवा. कोरडा असेल तर चार-सहा ग्रॅम, त्याहून फार जास्त म्हणजे पाणी. एक तुकडा ॲसिटोनमध्येही टाका. विरघळला तर ते थर्माकोल. मग फायबर चिकटवायचं नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन जवळ आणायचं नाही, त्यातलं स्टायरिनही थर्माकोल खातं, फक्त इपॉक्सी रेझिन वापरा. ओतून फुगवलेला फोम असतो पॉलियुरेथेनचा, तो विरघळत नाही.

काकांच्या उन्हाबद्दल: फोमचे कप्पे बंद असतात. पाणी वर्षानुवर्षं शिरलेलं असतं, बाहेर पडायलाही तेवढाच वेळ घेतं. त्यात आपली कोकणची हवा. भोकांतून मोकळं पाणी निथळेल तेवढंच.

गळवाला:

आभार! दोन भोकं पाडली. साल जेमतेम चार मिलिमीटर, फोम तिला घट्ट चिकटलेला. पुढचा तुकडा ५ ग्रॅम, मागचा ८१. ॲसिटोनमध्ये काही झालं नाही. म्हणजे मागचीच जमीन कापायची आणि भिजलेला तेवढा खरवडून काढायचा, बरोबर?

वल्हेकरी:

बरोबर, पण कापण्याआधी तळाला खालून आकाराप्रमाणे घट्ट टेकू द्या, दोन ओंडक्यांवर भागणार नाही. जमीन कापली की तळ मोकळा होतो, वाकडा बसला तर तसाच कायमचा राहतो. काठापासून चार बोटं पट्टी सोडून कापा, परत जोडताना त्यावर फायबरची मॅट (काचतंतूंचं कापड) चढवता येईल.

नवीन फोम दोन द्रावणांचा, ओतायचाच घ्या. हार्डवेअरमधला फवाऱ्याचा डबा नको, त्याला घट्ट व्हायला हवेतला ओलावा लागतो, बंद पोकळीत तो आत कच्चा राहतो. थोडा थोडा ओता आणि थंड होऊ द्या. एकदम ओतलात तर आतल्या उष्णतेने करपतो आणि दाबाने जमीनच वर उचलतो. फुगलेला जादा फोम वर निघायला भोकं ठेवा. हे काम डिसेंबर-जानेवारीतच करा, दमट हवेत तो जाळीदार आणि कमकुवत होतो. आणि त्याची वाफ छातीला वाईट, साध्या कापडी मास्कने थांबत नाही. केमिकलचं काडतूस असलेला मास्क लावा आणि उघड्यावरच करा.

गळवाला:

मग डिसेंबरपर्यंत ताडपत्रीखाली टेकूवर ठेवतो, नळी काढलेलं भोक उघडंच राहू दे, निथळेल तेवढं निथळेल. आता ट्रान्समचं सांगा. प्लायवूड आतून काढायचं तर आतली साल आणि फोम दोन्ही कापावे लागतील. बाहेरची साल कापून मागून बदललं तर चालेल का? कुणी असं केलं असेल आणि इंजिन लावून वापरलं असेल, तर जोड पुढे टिकला का तेही लिहा.