स्ट्रायकरवर घरगुती हिंसाचाराचा आरोप, तरी आपल्या क्लबने करार केला. समर्थकांनी नेमकं काय मागायचं?

महाल_विंगर (प्रश्न)

आपल्या फुटबॉल क्लबने परराज्यातला स्ट्रायकर घेतला. करार जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी बातमी आली की त्याच्या बायकोने मारहाणीची तक्रार दिली आहे. क्लबचं उत्तर एका ओळीचं: खेळाडूची खासगी बाब, प्रकरण न्यायप्रविष्ट. ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एक म्हणतो हाकला, दुसरा म्हणतो कोर्ट बघून घेईल.

रविवारी कार्यकारिणीने समर्थकांना अर्धा तास दिला आहे. तिथे घोषणा देऊन उपयोग नाही, विचारायचे प्रश्न पक्के हवेत. केस कोणत्या टप्प्यावर आहे हे कसं तपासायचं? झालेला करार मोडता येतो का? आणि खेळाडूला न काढता मैदानाबाहेर ठेवायची काही रीत आहे का, इतर देशांत काय करतात? ज्यांना कायदा आणि करार कळतात त्यांनी लिहा. खेळाडूचं नाव टाकू नका, तिचं तर अजिबात नाही.

उत्तर_गॅलरी

भाऊ, आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, एवढं तरी धरून चला. श्रीलंकेच्या धनुष्का गुणतिलकाला नोव्हेंबर २०२२ मध्ये सिडनीत अटक झाली, बोर्डाने लगेच सगळ्या क्रिकेटमधून निलंबित केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्याच कोर्टाने निर्दोष सोडलं. मधले महिने त्याला कोणी परत केले का? स्ट्रायकरचं करिअर असून असून दहा-बारा वर्षांचं असते. इथे तर पोलिसांनी अटकही नाही केली. मग आपण काहून न्यायाधीश होऊन राहिलो?

सिव्हिललाइन्स_कायदा

अटक झाली नाही यावरून काहीच ठरत नाही, हे आधी स्पष्ट करतो. नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या क्रूरतेचं जुनं ४९८अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत आहे. कमाल शिक्षा ३ वर्षं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, हजर राहण्याची नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात पोलिसांना बजावलं. ती नोटीस आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली निघते. म्हणजे अशा प्रकरणात अटक न होणं ही नेहमीची वाट आहे. तक्रार कच्ची असल्याचा तो पुरावा नाही, आणि पक्की असल्याचाही नाही.

दुसरं, या तक्रारींच्या दोन वेगळ्या वाटा असतात आणि क्लब नेमका तिथेच निसटतो. एक वाट पोलिस ठाण्याची: एफआयआर, तपास, आरोपपत्र, आरोपनिश्चिती, खटला. दुसरी वाट २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची. त्यात कलम १२ खाली अर्ज थेट दंडाधिकाऱ्यांकडे जातो, एफआयआर लागतच नाही. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेशही मिळतो. तिच्याजवळ जायचं नाही, फोन करायचा नाही, घरातून काढायचं नाही अशा स्वरूपाचा. हा संरक्षण आदेश मोडला की मात्र कलम ३१ खाली गुन्हा होतो: एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे ‘गुन्हा दाखल आहे का?’ एवढंच विचारलं तर ‘नाही’ हे उत्तर खरं असूनही अर्धवट राहील. विचारायचं असं: एफआयआर आहे का, असल्यास आरोपपत्र दाखल झालं का, आणि २००५ च्या कायद्याखाली कुठलाही आदेश आज लागू आहे का. तिन्ही उत्तरं लेखी मागा.

उद्या कोणी ‘प्रकरण मिटलं’ म्हणालं तर कसं मिटलं ते विचारा. आपल्याकडे पोलिस तपास बंद करतात तेव्हा समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. बी समरी म्हणजे तक्रार खोटी आणि आकसाने केलेली. सी समरी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. समरी आली तरी शेवटचा शब्द दंडाधिकाऱ्यांचा असतो. परराज्यात ही अक्षरं दिसणार नाहीत, तिथे अंतिम अहवाल म्हणतात, पण प्रश्न तोच. नवराबायकोत समझोता झाला म्हणून उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करणं हा आणखी वेगळा प्रकार. त्यात आरोप खरे की खोटे यावर निकालच होत नाही. खटला चालून निर्दोष सुटला असेल तर ती गोष्ट या सगळ्यांपेक्षा वरची, आणि ती मान्य करावीच लागेल.

क्लीन चिट कशाबद्दल, हेही बघा. २०१८ मध्ये बीसीसीआयने मोहम्मद शमीचा करार रोखला होता. भ्रष्टाचारविरोधी पथकाच्या चौकशीनंतर त्याला ब श्रेणी मिळाली. ती चौकशी पैशांच्या आरोपापुरतीच होती. घरातल्या आरोपांचं प्रकरण न्यायालयात वेगळं चाललं. लोकांनी मात्र दोन्ही एकत्र केलं.

तपासायचं कसं: ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर १६ अंकाक्षरी सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक) सगळ्यात अचूक स्थिती दिसते. तो नसेल तर एफआयआर क्रमांक, वर्ष आणि पोलिस ठाणं. पक्षकाराच्या नावाने शोधाल तर फसाल, त्याच नावाचे पाच जण निघतात. वडिलांचं नाव आणि पोलिस ठाणं जुळल्याशिवाय स्क्रीनशॉट फिरवू नका. चुकीच्या माणसाचा गेला तर न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार फिरवणाऱ्यावरच होईल. पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर २४ तासांत टाकावा असा २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, पण संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. म्हणून तिथे दिसलं नाही याचा अर्थ नाहीच, असा घेऊ नका.

अकरावा_गडी

करारावर लिहितो. रविवारी सगळ्यात जास्त घोळ इथेच होईल असं वाटतं.

फिफाच्या खेळाडू नोंदणी आणि बदली नियमांत कलम १६ म्हणतं की हंगाम चालू असताना एकतर्फी करार मोडता येत नाही. कलम १४ न्याय्य कारण असेल तर मुभा देतं, आणि कारण टिकलं नाही तर कलम १७ प्रमाणे भरपाई. देशांतर्गत करारांसाठीही ही तत्त्वं पाळावीत अशी फिफाची अपेक्षा आहे. आता अडचण बघा. सही करताना क्लबला तक्रार माहीत होती, तर तीच तक्रार नंतर न्याय्य कारण म्हणून दाखवणं अवघड. माहीत नव्हती आणि विचारलीही नाही, तर चूक क्लबचीच. विचारली आणि खेळाडूने लपवली, तरच क्लबची बाजू भक्कम. म्हणून रविवारचा पहिला प्रश्न: सहीआधी लेखी विचारणा केली होती का? हो असेल तर कागद दाखवा. नाही असेल तर ‘काढा’ म्हणणाऱ्यांनी उरलेल्या कराराची रक्कम क्लबने भरायची तयारी ठेवावी लागेल, हे समजून बोलावं.

स्कॉटलंडच्या रेथ रोव्हर्सचं जानेवारी २०२२ मध्ये हेच झालं. त्यांनी घेतलेल्या स्ट्रायकरला फौजदारी शिक्षा झालेली नव्हती, पण २०१७ मध्ये दिवाणी न्यायालयाने त्याने बलात्कार केल्याचं ठरवून एक लाख पौंड भरपाईचा आदेश दिला होता. सगळं जाहीर असताना सही केली. शर्टवरचा प्रायोजक गेला, महिला संघाची कर्णधार सोडून गेली, स्वयंसेवक गेले. तीन दिवसांत क्लबने सांगितलं की हा आमच्याकडून खेळणार नाही. पण करार तसाच उरला, आणि तो मिटवायला आणखी कित्येक महिने गेले. माहीत असलेल्या गोष्टीवर आधी विचार केला नाही म्हणून क्लबने पैसाही घालवला आणि माणसंही.

आता न काढता बाजूला ठेवण्याचं. ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगने २०१९ मध्ये दोष न धरता बाजूला बसवण्याचा नियम आणला. ज्या गुन्ह्याला कमाल ११ वर्षं किंवा अधिक शिक्षा आहे त्याचा आरोप लागला की खेळाडू आपोआप सामन्यांबाहेर. पगार पूर्ण, सराव चालू. त्याहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, विशेषतः बाई किंवा मूल जखमी असेल तर, निर्णय लीगच्या हातात. जॅक डी बेलिन या खेळाडूने याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि २०१९ मध्येच हरला. पण त्याचे २०१९ आणि २०२० हे दोन्ही हंगाम गेले, दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि २०२१ मध्ये आरोप मागे घेतले गेले. उत्तर_गॅलरी म्हणतो तो धोका खरा आहे. या नियमाची किंमत खेळाडू मोजतो, म्हणूनच त्यात पगार कापत नाहीत.

अमेरिकी बेसबॉलची रीत उलटी. २०१५ च्या त्यांच्या धोरणात लीग स्वतः चौकशी करते, शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. आरोल्डिस चॅपमनवर फौजदारी आरोप लागलेच नाहीत, तरी २०१६ मध्ये ३० सामन्यांची बंदी बसली. त्यांच्याकडे तपास करणारी प्रशिक्षित माणसं आहेत. आपल्या क्लबने हे करू नये असं माझं ठाम मत आहे. कार्यकारिणीतला कोणी तक्रारदार बायकोच्या घरी फोन करून ‘समजूत’ काढायला गेला तर साक्षीदारावर दबाव आणल्यासारखं होईल आणि खेळाडूचा जामीनही त्यात जाऊ शकतो.

म्हणून मागायचा तो पूरक करार, दोघांच्या सहीने. बाजूला बसवण्याचं निमित्त कागदावर मोजता येईल असं ठेवा: आरोपपत्र दाखल होणं, किंवा संरक्षण आदेश लागू असणं. ‘क्लबची बदनामी झाल्यास’ असली शब्दरचना नको, ती लवादापुढे टिकत नाही आणि उद्या ती दुसऱ्याच खेळाडूवर वापरतील. मूळ मानधन पूर्ण, सामना बोनस बंद, सराव चालू. दर सुनावणीनंतर किंवा ६० दिवसांनी आढावा. निर्दोष सुटला तर आठवड्याच्या आत परत संघात. शिवाय यापुढे सही करणाऱ्या प्रत्येकाकडून जाहीरनामा घ्यायचा: प्रलंबित एफआयआर, आरोपपत्र, संरक्षण आदेश. खोटं लिहिलं तर तेच न्याय्य कारण.

मूळ मानधन आणि बोनसचं प्रमाण मात्र आधी बघून घ्या. मानधन कमी आणि बोनस जास्त असेल तर बाजूला बसवणं ही शिक्षाच होते. उलटही होतं. अमेरिकन फुटबॉलमधल्या क्लीव्हलँड ब्राउन्स संघाने २०२२ मध्ये वीसहून अधिक महिलांनी दिवाणी दावे लावलेला क्वार्टरबॅक घेतला, पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर पूर्ण हमीने, आणि पहिल्या वर्षाचा मूळ पगार ठेवला फक्त १०.३५ लाख डॉलर. निलंबनात मूळ पगारच कापला जातो. ११ सामन्यांचं निलंबन झालं तेव्हा पगारातून गेले सुमारे ६.३२ लाख डॉलर. ५० लाखांचा दंड वेगळा झाला, पण करार बनवणाऱ्यांनी निलंबन गृहीत धरूनच आकडे मांडले होते असं दिसतं.

धरमपेठ_डिफेन्स

आतापर्यंत सगळं खेळाडू आणि क्लबबद्दल झालं. आपल्या क्लबला मुलींचा संघ आहे, फिजिओ बाई आहेत, तिकीट खिडकीवर कॉलेजच्या मुली स्वयंसेवक असतात. त्यांच्यासाठी आज काय आहे ते रविवारी विचारा.

लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचं ठिकाण यांना कामाची जागा धरतो. मोबदला मिळो न मिळो, स्वयंसेवकही त्यात येतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच: अध्यक्ष महिला, निम्म्या सदस्य महिला, एक बाहेरची सदस्य. नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मुदत तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. घरातलं प्रकरण या समितीपुढे येत नाही, दोन्हींची गल्लत करू नका. पण समितीच नसलेला क्लब ‘आमच्याकडे सगळं सुरक्षित आहे’ म्हणत असेल तर ते कशाच्या आधारावर? २०२३ च्या पहिलवानांच्या आंदोलनानंतर कुस्ती महासंघाकडेच नीट समिती नव्हती हे पुढे आलं होतं. सदस्यांची नावं आणि फोन मैदानाच्या फलकावर लावले आहेत का, ते स्वतः जाऊन बघा.

आणि आपल्या ग्रुपचं. पैशासाठी तक्रार केली, अशी तिच्यावर टीका करणारे मेसेज काढून टाका. आरोपात लैंगिक गुन्हा असेल तर तिची ओळख उघड करणं हाच न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. नाव न लिहिता गाव, माहेर, नोकरी लिहिली तरी ओळख उघडच होते. गॅलरीतून बायकोवरून घोषणा नकोत, आपल्या खेळाडूच्या बाजूनेही नकोत आणि समोरच्याला चिडवायलाही नकोत. त्या गॅलरीत मार खाऊन आलेली एखादी बसलेली असते. १८१ महिला हेल्पलाइन आणि पोलिसांच्या भरोसा सेलचा (महिला मदत कक्ष) फलक प्रवेशद्वाराशी लावायला क्लबला फार तर दोनशे रुपये लागतील.

उत्तर_गॅलरी

ताई, घोषणांचं पटलं, ग्रुपवर मीच टाकतो. अटकेबद्दलचं माझं म्हणणं चुकलं. पूर्ण मानधन देऊन बाजूला बसवणार असतील तर माझा विरोध नाही. पण निर्दोष सुटल्यावर परत घेण्याची अट त्याच कागदावर पाहिजे, तोंडी नाही. आणि आरोपपत्र यायच्या आधी बसवायचं नाही, नाहीतर कोणीही तक्रार टाकून सामन्याच्या आदल्या दिवशी खेळाडू काढेल.

सिव्हिललाइन्स_कायदा

आरोपपत्राची अट एफआयआरच्या वाटेपुरती ठीक. संरक्षण आदेशाची अट गाळू नका. तो दंडाधिकाऱ्यांनी कागद बघून दिलेला असतो, नुसत्या तक्रारीवर निघत नाही. एकतर्फी अंतरिम आदेश असेल तर खेळाडूची बाजू ऐकून तो कायम होतो की नाही, तोवर आढावा लवकर ठेवा, ६० ऐवजी ३० दिवसांनी.

महाल_विंगर

सगळ्यांचे आभार. एकच राहिलं. कार्यकारिणीने ऐकलंच नाही तर आपल्या हातात काय?

अकरावा_गडी

तिकीट काढणाऱ्याला मत नाही, सभासदाला आहे. क्लब सोसायटी आणि सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर त्याची घटना नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या धर्मादाय कार्यालयात दप्तरी असते, प्रत अर्ज करून मिळते. खासगी क्लबला माहिती अधिकार सहसा लागू होत नाही, त्यात वेळ घालवू नका. विशेष सर्वसाधारण सभा मागायला किती सभासदांच्या सह्या लागतात ते घटनेत लिहिलेलं असेल. सह्या गोळा करताना वर्गणी थकलेले सभासद वगळा, थकबाकी दाखवून मागणीच फेटाळतात. विषयपत्रिकेत खेळाडूचं नाव नको, ‘पूरक करार आणि सहीपूर्व जाहीरनामा’ एवढंच लिहा. आणि रविवारी जाताना पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या.