स्कीइंग शिकायला गुलमर्ग : नाताळात जावं की फेब्रुवारीत?

नाशिकची_माधवी:
नमस्कार. आम्ही पाच जण : मी, नवरा, अकरावीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि सासूबाई (६८). बर्फ आजवर एकदाच पाहिलाय, मे महिन्यात रोहतांगला, तोही काळवंडलेला. या वेळी मुलांना स्कीइंग शिकायचंच आहे. ट्रॅव्हलवाल्याने नाताळच्या सुट्टीतली सहा दिवसांची सहल आखून दिलीय : श्रीनगर, पहलगाम, सोनमर्ग आणि एक दिवस गुलमर्ग. एका दिवसात जमेल का?

बर्फवाट:
माधवीताई, एका दिवसात फोटो होईल, स्कीइंग नाही होणार. मी सेहेचाळिसाव्या वर्षी गुलमर्गला शिकलो, त्यानंतर आणखी दोन हिवाळे जाऊन आलोय, म्हणून कळकळीने लिहितोय. पहलगाम-सोनमर्ग उन्हाळ्यात करा. या खेपेला पाचही रात्री गुलमर्गलाच राहा आणि पाचही दिवस एकच प्रशिक्षक ठेवा.

पहिला दिवस पडण्यात आणि उठण्यात जातो. दुसऱ्या दिवशी स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकवून ब्रेक लावायला जमतं. उतार दिसला की अंग आपोआप मागे झुकतं आणि तिथेच ताबा सुटतो. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबलेली राहिली पाहिजे. हे मला तिसऱ्या दिवशी उमगलं, आणि त्या दुपारी मी पहिल्यांदा न पडता वळलो. उजव्या पायावर भार दिला की डावीकडे वळण. त्या क्षणासाठी मी परत परत जातो.

बुटांवर मात्र वेळ घालवा. पहिल्या वर्षी दुकानदाराने एक माप मोठे बूट दिले, मी आत लोकरीचे दोन मोजे चढवले आणि फोडांपायी अख्खा एक दिवस खोलीत बसलो. मोजा एकच, पातळ आणि लांब. गुडघा वाकवला तरी टाच उचलली जाता कामा नये.

आता तारखा. चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस, सुरूच होतात २१ डिसेंबरला. नाताळात बर्फ पुरेसा असेलच असं नाही. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला होता. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. त्यामुळे खात्री कुणीच देऊ शकत नाही, पण मी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरेन.

सांगलीचा_दादा:
थोडी भर घालतो. बर्फ पडलेला असला तर गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गला गाडी बदलावी लागते. वर साखळ्या लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्याच जातात. आपली प्रीपेड सिमं तिकडे चालत नाहीत, एक तरी पोस्टपेड न्या. गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचं, तिकीट आधीच ऑनलाइन काढा.

नाशिकची_माधवी:
खूप आभार. मुलीची परीक्षा मार्चअखेर आहे, म्हणजे फेब्रुवारी जमेल. मुलाच्या वर्गशिक्षिकांशी उद्याच बोलते. सासूबाईंना गोंडोलात बसवू का? आणि मुलगा वरच्या टप्प्यावरून स्की करत उतरायचं म्हणतोय.

बर्फवाट:
पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो, तिथे आजींना जरूर न्या. दुसरा अफरवटला, जवळजवळ ३,९५० मीटरवर. तिथली हवा विरळ असते, आजींना नको. मुलालाही या वर्षी नको. वर आखलेला सोपा उतार नाही, हिमस्खलनाचा धोका असतो, आणि धोका वाढला की तो टप्पा बंदच ठेवतात. त्याला गोल्फ कोर्सजवळच्या सौम्य उतारांवर शिकू द्या. गोडी लागलीच, तर पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग शिकवणारी संस्था गुलमर्गमध्येच आहे. पुढच्या हिवाळ्यात तिथल्या निवासी वर्गाची चौकशी करा.

लोकरीचे हातमोजे घेऊ नका हं, पहिल्या तासातच भिजतात. पाणी न शिरणारे घ्या, मुलांसाठी दोन-दोन जोड.