मदत हवी आहे: स्कीइंगच्या सुट्टीचं काय काय आधी बुक करावं?

पुढच्या हिवाळ्यात आल्प्समध्ये स्कीइंगला जायचं घाटतंय. आम्ही दोघं आणि दोन मुलं, सगळेच नवशिके. तारखांपाशीच गाडी अडली आहे. नाताळचा आठवडा फार महाग, आणि फेब्रुवारीत फ्रान्सच्या शाळांना विभागवार सुट्ट्या असतात, म्हणजे तेव्हाही गर्दी. जानेवारीचा मध्य बरा वाटतो. थंडी कडाक्याची असेल, पण लिफ्टच्या (उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यांच्या) रांगा तरी कमी. मुलांना घेऊन तेव्हा गेलेलं कुणी आहे का इथे?

दुसरा घोळ उंचीचा. फ्रान्समधलं वाल तोराँस सुमारे २३०० मीटरवर आहे, त्यामुळे बर्फाची खात्री जास्त. ऑस्ट्रियातलं किट्सब्यूएल गाव ८०० मीटरच्याही खाली. दिसायला देखणं, पण हिवाळा कोमट निघाला तर? कृत्रिम बर्फ पाडायची यंत्रं असतात, पण हवाच पुरेशी थंड नसेल तर तीही हात टेकतात. माझा कल उंच गावाकडे, घरच्यांचा देखण्या गावाकडे. (घरचेच जिंकणार, अशी चिन्हं आहेत.)

राहायची जागा आणि मुलांचा स्कीचा क्लास आधी धरायचा, हे पक्कं. पण लिफ्टचा पास, बूट आणि स्कीचं भाडं? आधी ऑनलाइन पैसे भरले आणि ऐनवेळी कुणी आजारी पडलं, तर परत मिळतात का? आणि विमा घेताना नेमकं काय विचारावं? साध्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ बरेचदा धरलेले नसतात. डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणायची वेळ आली तर तो खर्च कोण देतं?