आफ्रिकेतली डिजिटल ओळखपत्रं: बातमी कुठे शोधायची आणि पैसे कुणाचे घ्यायचे?

उंबरठा

घानातली मीडिया फाउंडेशन फॉर वेस्ट आफ्रिका ही संस्था आफ्रिकी पत्रकारांना 'डिजिटल सार्वजनिक पायाभूत सुविधा' या विषयावर फेलोशिप देते. म्हणजे ओळखपत्रं, पेमेंट आणि सरकारी खात्यांमधली माहितीची देवाणघेवाण. या फेलोशिपमागे को-डेव्हलप हा निधी आहे. याच सुविधांचा प्रसार हे त्या निधीचं काम, आणि त्याला रॉकफेलर, गेट्स, ओमिड्यार यांच्याबरोबर आपल्या नीलेकणी फिलान्थ्रॉपीजचंही पाठबळ आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: ज्याला ही व्यवस्था पसरवायची आहे, त्याच्या पैशावर तिची उलटतपासणी होत नाही. बातमी खोटी नसते, पण ती उद्घाटनापाशी सुरू होऊन 'जनजागृती'पाशी थांबते.

युगांडा घ्या. तिथे 80 वर्षांवरच्या वृद्धांना महिना 25,000 शिलिंग भत्ता मिळतो, त्यासाठी राष्ट्रीय ओळखपत्र लागतं. ज्यांना तो नाकारला गेला त्यांच्याबद्दल 2021 मध्ये तिथल्या दोन संस्था आणि न्यूयॉर्क विद्यापीठाचं मानवाधिकार केंद्र यांनी मिळून अहवाल काढला. वार्ताहराने वाटपाच्या जागी उभं राहून तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवायला हव्यात. कार्डच नाही, कार्डावर जन्मसाल चुकलंय, की बोटाचे ठसे जुळत नाहीत? तिन्हींची बातमी एकच करून 'तांत्रिक अडचण' असं लिहिलं की कुणालाच जाब विचारता येत नाही. ओळखपत्र प्राधिकरणाने जन्मसाल चुकवलं असेल, तर 83 वर्षांची बाई कागदावर 74 ची होते आणि भत्ता देणारं खातं म्हणतं, आमचा काय दोष? अहवालाच्या काळात हरवलेलं कार्ड बदलून घ्यायला 50,000 शिलिंग पडत होते, म्हणजे दोन महिन्यांचा भत्ता. ही एक ओळ लाँचच्या दहा बातम्यांपेक्षा जास्त सांगते.

सप्तपर्णी

उंबरठा, उदाहरण पटलं, निष्कर्ष अजिबात नाही. ज्या अहवालाचा दाखला देताय, तोही वर्तमानपत्राच्या नफ्यातून निघालेला नाही. आफ्रिकेतल्या अनेक दैनिकांचा आधार सरकारी जाहिराती आणि मोबाइल कंपन्या. म्हणजे ज्यांची चौकशी करायची तेच. तो पैसा 'स्वतंत्र' आणि फेलोशिपचा पैसा तेवढा बाटलेला, हे कसं?

नायजेरियाचं पाहा. मार्च 2024 मध्ये फाउंडेशन फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम या ना-नफा संस्थेने दाखवलं की एक खाजगी वेबसाइट नागरिकांच्या राष्ट्रीय ओळख क्रमांकावरची माहिती पैसे घेऊन देत होती. जूनमध्ये पॅराडाइम इनिशिएटिव्ह या डिजिटल हक्कांच्या संस्थेने दुसरी अशी वेबसाइट उघडी पाडली, दर 100 नायरा. प्राधिकरणाचं म्हणणं होतं की आमचा डेटाबेस फोडला गेलेला नाही. आणि इथेच मुरलेला वार्ताहर कच्च्यापासून वेगळा कळतो. मुख्य डेटाबेसमध्ये कुणी न घुसताही माहिती बाहेर जाऊ शकते, कारण पडताळणीचा परवाना असलेल्या मध्यस्थांना तो डेटा विचारण्याचा अधिकृत मार्ग दिलेला असतो. त्यातल्या एकाने तो मार्ग पुढे भाड्याने दिला की झालं. म्हणून प्रश्न 'हॅक झालं का?' असा विचारायचाच नाही. परवानाधारक किती, प्रत्येकाने रोज किती चौकशा केल्या, त्यांच्या नोंदी कोण तपासतं, हे विचारायचं.

अशा वेबसाइटची चाचणी करताना अनोळखी माणसाची माहिती विकत घेऊ नका. लेखी संमती देणाऱ्याचाच क्रमांक वापरा. पैसे भरल्याची पावती, वेळेसह स्क्रीनशॉट आणि मिळालेल्या रकान्यांची यादी जपून ठेवा. छापण्याआधी प्राधिकरणाला कळवा आणि गळती चालू असेल तर वेबसाइटचा पत्ता बातमीत देऊ नका. नायजेरियाचा सायबर गुन्हे कायदा पत्रकारांवर वापरला गेलाय, त्यामुळे वकिलाला आधी दाखवणं ही चैन नाही. आणि त्या वकिलाची फी देणार कोण, हेही सांगा.

दीपमाळ

पैशाच्या वादात दोघंही कागद विसरताय. माहिती अधिकार केनियात 2016 पासून आहे, उत्तराची मुदत 21 दिवस आणि जीव किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास. युगांडातही 21 दिवस. नायजेरियात 2011 च्या कायद्याने फक्त 7. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर केनियात प्रशासकीय न्याय आयोगाकडे जाता येतं.

अर्ज फसतो तो बहुतेक वेळा 'प्रकल्पाची सर्व माहिती द्या' असं मागितल्यामुळे. मग व्यावसायिक गोपनीयतेचं कारण तयारच असतं. त्यापेक्षा नेमकं मागा: दर पडताळणीमागे शुल्क किती आणि कुणाला, ठसे न जुळल्यास पर्यायी पद्धत सांगणारं परिपत्रक, करार संपल्यावर डेटा कुणाकडे राहणार ते कलम, आणि डेटा संरक्षण परिणाम मूल्यांकन, म्हणजे लोकांच्या खाजगी माहितीला काय धोका आहे याची आधी केलेली लेखी तपासणी. हा शेवटचा कागद क्षुल्लक समजू नका. केनियाचा हुदुमा नंबा हा राष्ट्रीय ओळखपत्राचा प्रकल्प याच कागदावर अडला. ऑक्टोबर 2021 मध्ये उच्च न्यायालयाने कार्डांचं वाटप बेकायदा ठरवलं, कारण 2019 च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 31 प्रमाणे हे मूल्यांकन आधी केलंच नव्हतं. हा अर्ज करायला फेलोशिप लागत नाही.

इथिओपियाच्या 'फायदा' नावाच्या ओळखपत्रामागे बंगळुरूच्या आयआयआयटीत तयार झालेली मोसिप प्रणाली आहे. 'मुक्त स्रोत आहे, म्हणून कुठल्याही कंपनीचं बंधन नाही' असं वाक्य दिसलं की थांबा. ठसे आणि बुबुळं जुळवणारं यंत्रणेचं हृदय मोसिपमध्ये नाही, ते वेगळं विकत घ्यावं लागतं. नोंदणीचे किटही तसेच. निविदा त्या दोन ठिकाणी शोधा.

खडीसाखर

इंटरनेटबंदीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून थोडक्यात. पेमेंट आणि ओळख दोन्ही फोनवर आली की बंदीच्या दिवशी दुकानदाराचा गल्लाही बंद होतो, त्यामुळे ही बातमी याच विषयाची. सरकार म्हणतं 'केबल तुटली'. ऊनी प्रोब या इंटरनेटवरचे अडथळे मोजणाऱ्या ॲपने निदान दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवरून मोजा, पुन्हा काही तासांनी मोजा. एकाच मोजणीत 'अडथळा' दिसला तर तो खोटा इशाराही असू शकतो. मोजणाऱ्याचं नेटवर्क आणि देश उघड होतात, हे आधी सांगून मगच कुणाकडून मोजून घ्या. टोगोने सप्टेंबर 2017 मध्ये केलेली बंदी इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेच्या न्यायालयाने जून 2020 मध्ये बेकायदा ठरवली. अशा खटल्यात तारीखवार नोंदी हाताशी असलेल्या बऱ्या.

उंबरठा

दीपमाळ, 21 दिवस कायद्यात आहेत. युगांडाच्या करामोजा भागातल्या स्थानिक रेडिओच्या वार्ताहराने 21 दिवस थांबायचं, मग अपील करायचं, तोवर त्याचा पगार कोण देणार? सप्तपर्णी म्हणतात तो खर्चाचा मुद्दा मी नाकारत नाही. माझी हरकत विषय कोण निवडतो याला आहे. निवड समितीपुढे 'डिजिटल ओळखीमुळे शेतकऱ्याला कर्ज मिळालं' आणि 'पडताळणीच्या शुल्कातून कुणी किती कमावले' असे दोन प्रस्ताव आले, तर पहिला सोपा जातो.

सप्तपर्णी

मग पैसे नाकारू नका, अटी लिहून घ्या. प्रस्ताव संपादकाने ठरवायचा. मजकूर छापण्याआधी देणगीदाराला दाखवायचा नाही. निम्मी रक्कम सुरुवातीलाच, म्हणजे बातमी टोचली म्हणून पैसे अडवता येणार नाहीत. देणगीदाराचं नाव बातमीच्या पहिल्या तीन परिच्छेदांत. आणि तुमचा 'पडताळणी शुल्का'चा प्रस्ताव खरोखर नाकारला गेला, तर ते नकारपत्रच छापा.

उंबरठा

पाचवी अट घाला: को-डेव्हलपने पैसे दिलेल्या प्रकल्पाची बातमी को-डेव्हलपच्या फेलोशिपवर करायची नाही. ती दुसऱ्या वार्ताहराकडे, दुसऱ्या पैशावर. ही अट मान्य असेल तर माझा विरोध बराच कमी होईल. मान्य नसेल तर आधीच्या चारही कागदावरच राहतील.