आधी एक्सलचं रबर बूट पाहा, मग बेअरिंग

भाऊ, गाडीच्या चाकाकडून आवाज येतो या तुमच्या प्रश्नावर वर दोघांनी चाकाचं बेअरिंग बदलायला सांगितलं आहे, पण तुम्ही लिहिलंय की आवाज "टक-टक" येतो, तोही स्टिअरिंग पूर्ण वळवून एक्सिलेटर दिल्यावरच. हे लक्षण बाहेरच्या सीव्ही जॉइंटचं आहे, म्हणजे एक्सलच्या चाकाकडच्या टोकाला असलेल्या, चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणाऱ्या सांध्याचं. बेअरिंग गेलं की घूं-घूं असा आवाज येतो, तो वेगाबरोबर वाढतो आणि सरळ रस्त्यावरही ऐकू येतो.

मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण कापून, काचा खाली करून, गाडी हळू गोल फिरवा आणि टक-टक ऐका. डावीकडे, मग उजवीकडे. नंतर चाक वळवून ठेवा, गाडी बंद करा आणि बॅटरीच्या उजेडात चाकामागचं रबर बूट, म्हणजे जॉइंटवरचं ग्रीस धरून ठेवणारं घड्यांचं रबरी आवरण, पाहा. घड्या उघडून बघा, चीर तिथेच लपते. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर शंकाच नको.

आपल्याकडे पांदण रस्त्याने वावरात गाडी नेली की कापलेल्या पऱ्हाटीचे, तुरीचे खुंट थेट या रबराला लागतात. एकदा चीर पडली की ग्रीस बाहेर जातं, काळी माती आणि पाणी आत शिरतं, आणि जॉइंटमधल्या लोखंडी गोळ्या घासतात.

बूट फाटलंय पण आवाज नाही, तर नवं बूट आणि ग्रीस पुरतं. तुमच्याकडे आवाज सुरू झालाय, म्हणजे बहुतेक जॉइंटच बदलावा लागेल. नुसतं ग्रीस भरून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला पैसे देऊ नका. आणि कृपा करून लांबच्या प्रवासाला निघू नका; जॉइंट तुटला तर इंजिन चालू राहतं, गाडी मात्र जागची हलत नाही.