गुर्दा कापताना पिरॅमिड का दिसले नाहीत

मटणाच्या दुकानातून आणलेला गुर्दा उभा कापला, पण पुस्तकातल्या चित्रातले वेगवेगळे पिरॅमिड (गुर्द्याच्या आतले शंकूसारखे भाग) दिसले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. कापणं चुकलेलं नाही. बकऱ्याच्या मूत्रपिंडात पिरॅमिडची टोकं जोडली जाऊन एकच लांबट कड तयार होते. माणसात साधारण 8 ते 18 पिरॅमिड सुटे असतात. डुकराचा गुर्दा मिळाला तर तो घ्या, त्याची रचना माणसाच्या बरीच जवळची आहे.

कापण्याआधी वरची चरबी काढा, पातळ पांढरं आवरण नखाने सोला. मग फुगीर कडेकडून खाचेकडे धारदार सुरीने एकाच दमात काप द्या. सुरी करवतीसारखी मागेपुढे केली की कॉर्टेक्स (बाहेरचा थर) चुरडतो आणि मेडुलाची (आतल्या भागाची) सीमा पुसट होते. नागपूरच्या मे महिन्यात तर गुर्दा बर्फात ठेवूनच घरी आणा. मऊ पडला की काही दिसत नाही.

दुसरा प्रश्न, उन्हाळ्यात लघवी कमी होते म्हणजे किडनी मंदावते का. नाही! गाळणं दिवसाला सुमारे 180 लिटर चालूच असतं, आणि त्यातलं 99 टक्के पाणी परत रक्तात जातं. घामाने पाणी गेलं की मेंदूतून एडीएच (शरीरात पाणी राखणारं संप्रेरक) वाढतं, किडनीतल्या संग्राहक नलिका (लघवी गोळा करणाऱ्या बारीक नळ्या) आणखी पाणी ओढून घेतात, लघवी गडद होते. पण रोजची टाकाऊ द्रव्यं बाहेर टाकायला किमान अर्धा लिटर लघवी लागतेच. परीक्षेत हा अर्ध्या लिटरचा आकडा कारणासकट लिहा.