स्टेनलेस पाइपची लेझर तलवारीची मूठ: पट्ट्या सुटतात, क्रोम राखाडी होतो

नवा प्रवासी

1977 च्या स्टार वॉर्समधल्या ल्यूकच्या तलवारीची मूठ करतो आहे. रेलिंगचा स्टेनलेस पाइप घेतलाय: बाहेरचा व्यास 38.1 मिमी, जाडी 1.2 मिमी, लांबी 260 मिमी. तीन ठिकाणी अडलंय.

पकडीच्या सहा काळ्या पट्ट्या खिडकीच्या रबर बीडिंगमधून कापून इन्स्टंट ग्लूने चिकटवल्या. आठवड्याभरात टोकाकडून सुटायला लागल्या, आणि त्यातल्या दोन तिरक्याही बसल्यात. मधला क्लॅम्प पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट करून त्यावर क्रोम स्प्रे मारला. आरशासारखा दिसत होता, पण वर क्लिअर (पारदर्शक संरक्षक थर) मारल्यावर दहा मिनिटांत राखाडी झाला. आणि क्लॅम्पवर ती पारदर्शक बुडबुड्यांची पट्टी असते, ती कशी करायची?

पाइपला अजून एकही भोक पाडलेलं नाही. पोशाख डिसेंबरात घालायचाय.

लेथ आणि कानस

पाइप अगदी योग्य निवडलात. मूळ मूठ म्हणजे जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या ग्राफ्लेक्स फ्लॅशगनचा तीन सेलचा दांडा, तो साधारण दीड इंचीच असतो. पीव्हीसीचा 40 मिमी पाइप घेतला की पुढे क्लॅम्प, झाकण, सगळ्यातच दोन मिमीची रड होते.

आता पट्ट्या. बीडिंगचं रबर बहुतेक ईपीडीएम असतं, त्याला सायनो, म्हणजे तुमचा इन्स्टंट ग्लू, नीट धरत नाही. रेलिंगच्या पाइपला पॉलिशचं मेण लागलेलं असतं, ते वेगळंच. शिवाय सायनो सुकला की काचेसारखा कडक होतो. रबर वाकतं, तो वाकत नाही, म्हणून पट्टी टोकापासून सोलत जाते.

याहून मोठी गोष्ट सहसा लक्षात येत नाही: सपाट पट्टी गोल पाइपवर फक्त मधल्या रेषेत टेकते. 10 मिमी रुंद पट्टी या व्यासावर दोन्ही कडांना जवळजवळ 0.7 मिमी उचललेली राहते, आणि सायनो फट भरत नाही. म्हणून रबर सोडा, एबीएस प्लास्टिकची टी आकाराची कडक पट्टी घ्या. पाइपभोवती 80 नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळून टेपने पक्का करा आणि पट्टीची खालची बाजू त्यावर लांबीच्या दिशेने घासा. पाच मिनिटांत तिला पाइपचाच बाक येतो. पट्टी उजेडासमोर पाइपला लावून बघा, खालून उजेड दिसायचा थांबला की झालं.

आखणीसाठी कागदाची पट्टी पाइपभोवती गुंडाळा आणि जिथे कागदावर कागद येतो तिथे ब्लेडने दोन्ही थर एकदम कापा. सुमारे 119.7 मिमीची पट्टी मिळेल. तिच्या तीन समान घड्या करून पुन्हा दुमडा म्हणजे सहा भाग होतात, प्रत्येकी 19.95 मिमी. खुणा पाइपवर उतरवा. सरळ रेषेसाठी पाइप लोखंडी अँगलच्या खाचेत आडवा ठेवा आणि अँगलच्या कडेला स्क्राइबर (धातूवर रेघ ओढायची टोकदार सुई) टेकवून ओढा. रेषा पाइपच्या अक्षाला समांतरच येते. नुसती फूटपट्टी गोल पृष्ठभागावर सरकते, तुमच्या दोन पट्ट्या तिरक्या बसल्या त्या त्यामुळेच.

पाइपवर पट्टीच्या जागेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, मधली जागा 120 नंबरने खरखरीत करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका. दोन ट्यूबवाला 24 तासांचा इपॉक्सी घ्या, पाच मिनिटांवाला नको. पट्ट्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबरी कडे चढवून रात्रभर दाबून ठेवा. बाहेर आलेला इपॉक्सी घट्ट व्हायच्या आत टेप काढा, नाहीतर टेपही कायमची बसते.

थर आणि पॉलिश

क्रोम स्प्रेची चकाकी ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमुळे असते. रंग सुकताना ते पृष्ठभागावर आडवे निजतात आणि आरसा तयार होतो. क्लिअरमधला सॉल्व्हंट खालचा थर भिजवतो, पापुद्रे उठून अस्ताव्यस्त होतात, आणि उरतो तो राखाडी रंग. तुमच्या हाताची यात चूक नाही. आणि क्लिअर न मारता तसंच ठेवलं तर हाताच्या घामाने क्रोम निघतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: हातात धरायच्या वस्तूला क्रोम स्प्रे वापरूच नये. मूळ दांडा पितळेचा, वर निकेलचा मुलामा. निकेलची झाक किंचित पिवळसर, क्रोमची निळसर. घासून चकचकीत केलेलं स्टेनलेस निकेलच्या बरंच जवळ जातं. पाइपला 400, 800, 1200 नंबरचा पेपर पाण्यासह मारा आणि मग कापडी बफवर हिरवा कंपाउंड लावा. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे राहिलेत का ते दिसतं.

क्लॅम्पसाठी 0.8 मिमी स्टेनलेस पत्र्याची पट्टी त्याच पाइपवर वाकवून घ्या. प्रिंटच ठेवायचा असेल तर 220 ने घासा, गाडीची पुट्टी लावा, 600 पर्यंत गुळगुळीत करा आणि डक्टिंगची ॲल्युमिनियम टेप चिकटवून चमच्याच्या पाठीने घोटा. पुट्टी पावसाळ्यात नीट सुकत नाही, दोन दिवस जास्त द्या. पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा मूठ उन्हातल्या गाडीत ठेवू नका. दुसऱ्यांदा प्रिंट कराल तर पीईटीजी प्लास्टिक घ्या.

जुने कॅमेरे

रंगाबद्दल वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत.

बुडबुड्यांची पट्टी म्हणजे 1970 च्या दशकातल्या लाल अंकांच्या कॅल्क्युलेटरमधली भिंगपट्टी. इवले अंक मोठे दिसावेत म्हणून प्रत्येक अंकावर एकेक भिंग असे. सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चन यांनी फ्लॅशचा दांडा, काळ्या पट्ट्या आणि ही भिंगं, सगळं असंच तयार वस्तूंतून जुळवलं होतं, म्हणूनच ती मूठ वापरातली वाटते.

घरी करायची तर सायकलचे 4 मिमीचे छर्रे मातीत एका ओळीत अर्धे रुतवा. छर्रे एकमेकांना टेकलेले हवेत. त्यावर सिलिकॉन ओता, साचा उलटा करून छर्रे आणि माती काढा आणि पारदर्शक इपॉक्सी रेझिन भरा. माती गंधकरहित हवी, कारण गंधक असेल तर प्लॅटिनम सिलिकॉन कितीही दिवस ठेवलं तरी चिकटच राहतं. रेझिन ओतण्याआधी बाटली कोमट पाण्यात ठेवली तर ते पातळ होतं आणि हवेचे फुगे कमी राहतात. प्रत्येक खळग्यात आधी टाचणीने एकेक थेंब सोडा, मग बाकीचं भरा. संख्या आणि अंतर फोटोवर मोजून घ्या, अंदाजाने नको.

नवा प्रवासी

मनापासून आभार. पट्ट्या आजच काढतो. तळाला, कमरेच्या पट्ट्याला अडकवायची डी-रिंग रिव्हेटने लावायचीय, स्टेनलेसला भोक पाडताना बिट जळतं असं ऐकलंय.

लेथ आणि कानस

बिट नुसतं घासत राहिलं की स्टेनलेस जागेवरच कडक होतं आणि मग बिट जळतं. पाइपमध्ये घट्ट बसेल असा लाकडी दांडा घाला, नाहीतर पंच मारताना पाइप चेपतो. पंच मारा, कोबाल्टचं 3.3 मिमी बिट घ्या, ड्रिलचा वेग कमी, दाब पक्का आणि कटिंग ऑइल सतत. चुरा सलग निघाला पाहिजे, पीठ निघायला लागलं की थांबून बिट बदला. रिव्हेट 3.2 मिमी. तळाचं झाकण प्लास्टिकचं असेल तर आतून वॉशर घाला. मूठ नुसत्या पाइपचीच 285 ग्रॅमच्या आसपास भरते, चालताना हिसके बसून रिव्हेट प्लास्टिकमधून ओढून निघतो. डी-रिंग झाकणाला आधी लावा आणि मगच झाकण पाइपमध्ये बसवा, नंतर आत हात जात नाही.